देवाचे प्रतिरूप आणि वरून येणारे शहाणपण

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आपण बहुधा दोन तुकड्यांत ऐकतो. जिभेला आवर घालण्याविषयीचा उपदेश एका रविवारी होतो आणि वरून येणाऱ्या ज्ञानाविषयीचा दुसऱ्या कोणत्या तरी रविवारी. पत्रात मात्र हे दोन विषय एकमेकांना अगदी लागून आलेले आहेत. ज्या जिभेने आपण प्रभू पित्याची स्तुती करतो तिनेच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसांना शाप देतो, असे नवव्या वचनात म्हणणारा याकोब तेराव्या वचनात विचारतो की, तुमच्यामध्ये ज्ञानी व समंजस कोण आहे? मला हा क्रम फार अर्थपूर्ण वाटतो. ज्याला आपण शहाणे आहोत असे वाटते त्याची परीक्षा याकोब पाठांतरावर किंवा वादातल्या चातुर्यावर घेत नाही. समोरचा माणूस कोणाच्या प्रतिरूपाचा आहे हे ओळखून तो बोलतो का, एवढेच तो पाहतो. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे ही शिकवण आणि खरे शहाणपण कशाला म्हणावे हा प्रश्न, या दोहोंचा विचार वेगवेगळा करता येत नाही असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे येथे सविस्तर मांडावेसे वाटते.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण करतो आणि लगेच सांगितले जाते की नर व नारी अशी ती निर्माण केली. आज हे वाक्य आपल्या कानांना इतके सवयीचे झाले आहे की त्यातले धाडस जाणवत नाही. प्राचीन मिसरात (इजिप्तमध्ये) देवाची प्रतिमा ही पदवी राजाला लावली जात असे, आणि मेसोपोटेमियातही काही राजांना असेच गौरवले गेले. सामान्य शेतकऱ्याला, दासीला किंवा परदेशी मजुराला कोणी तसे म्हणत नव्हते. 1979 साली सीरियातील टेल फेखेरिये येथे एका प्रांताधिपतीचा दगडी पुतळा सापडला. माणसाएवढ्या उंचीचा तो पुतळा छातीपाशी हात जोडून उभा आहे आणि त्याच्या वस्त्रावर अश्शूरी व आरामी अशा दोन भाषांतील लेख कोरलेला आहे. तो आपल्या देवतेपुढे अर्पण केलेला होता, म्हणजे अधिपती स्वतः हजर नसला तरी त्याची प्रतिमा तेथे त्याच्या वतीने उभी राहत होती. अशा जगात उत्पत्तीचा लेखक म्हणतो की, या पृथ्वीवर देवाच्या वतीने जी प्रतिमा उभी आहे ती दगडाची नाही, राजाची एकट्याची तर नाहीच नाही. ती प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक पुरुष आहे.

हे प्रतिरूप माणसात नेमके कशात आहे, यावर ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासात पुष्कळ विचार झाला आहे. प्राचीन मंडळीतील गुरू ऑगस्टीनने त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एकाच देवावर, चिंतन करताना मनुष्याच्या अंतःकरणातील स्मृती, आकलन आणि इच्छा या तिन्हींच्या ऐक्यात त्याची खूण शोधली. काहींनी सृष्टीवर दिलेल्या सत्तेकडे बोट दाखवले, आणि विसाव्या शतकात ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थने ते नातेसंबंधात पाहिले. या प्रत्येक मतात तथ्य आहे हे मी मानतो. तरीही प्रतिरूप म्हणजे एखादी क्षमता, असे आपण धरून चाललो की एक गंभीर अडचण उभी राहते. ज्याची स्मृती गेली, ज्याची बुद्धी जन्मतःच मंद आहे, जे मूल अजून बोललेलेही नाही, त्यांच्यात प्रतिरूप कमी मानायचे काय? पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. जलप्रलयानंतर, म्हणजे माणसाच्या मनातील कल्पना बाळपणापासून वाईट असतात असे देवाने स्पष्ट म्हटल्यावरही, मनुष्याचे रक्त पाडू नये याचे कारण म्हणून नोहाला हेच सांगितले जाते की देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा केला आहे (उत्पत्ती 9:6). तेथे कोणाची बुद्धी मोजलेली नाही आणि कोणाचे चारित्र्यही तपासलेले नाही.

आमच्या मंडळीतील एका गृहस्थांच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटच्या काळात त्यांना मुलाचे नावही आठवत नसे आणि बोलणे तर जवळजवळ थांबलेच होते. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असताना ते आईला घास भरवत होते. प्रत्येक घासाआधी ते विचारत, "आई, देऊ का?" आणि मग थांबत. उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी एखाद्या माणसाने उत्तर द्यावे यासाठी जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा ते देत, तिच्या चेहऱ्याकडे पाहत आणि मगच चमचा पुढे करत. या गृहस्थांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केलेला नाही आणि प्रतिरूपाविषयीची मते त्यांना विचारली तर ते कदाचित गप्पच बसतील. परंतु याकोब ज्याला वरून येणारे ज्ञान म्हणतो, जे शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयेने भरलेले, पक्षपात न करणारे आणि ढोंग नसलेले असते (3:17), ते मी त्या प्रश्नानंतरच्या थांबण्यात पाहिले.

मग माणसाचे बिनसले कोठे? उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्प स्त्रीला सांगतो की ते फळ खाल्ल्याने तुम्ही देवासारखे व्हाल. येथे क्षणभर थांबायला हवे, कारण ती दोघे देवाशी सदृश अशी घडवलेलीच होती. जे त्यांना दान म्हणून मिळाले होते तेच सर्पाने कमाई म्हणून मिळवायला सांगितले. स्त्रीने पाहिले की ते झाड खायला चांगले, दिसायला मनोहर आणि शहाणे करणारे म्हणून इष्ट आहे. म्हणजे पहिल्या पापाच्या मुळाशी भूक किंवा डोळ्यांचा मोह जसा होता तशीच शहाणपणाची हावही होती. देवाला बाजूला ठेवून, बरेवाईट आपण ठरवू, अशी ती हाव होती. आणि या नव्या जाणतेपणाचा पहिला उपयोग काय झाला? आदामाने विचारणाऱ्या देवालाच उत्तर दिले की, तू मला सोबतीला दिलेल्या स्त्रीने मला फळ दिले. जिला पाहून थोड्याच काळापूर्वी त्याने, ही माझ्या हाडातील हाड, असे म्हटले होते तिच्यावर त्याने दोष ढकलला. देवापासून तुटलेले शहाणपण सर्वप्रथम शेजारच्या प्रतिरूपाचाच घात करते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

ईयोबाच्या पुस्तकाचा 28 वा अध्याय या बाबतीत मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तो माणसाच्या कर्तबगारीला कमी लेखत नाही. खाणकामगार अंधाराला शेवट लावतो, लोकवस्तीपासून दूर भुयार खणतो, दोरीला लोंबकळत झोके घेत खाली उतरतो, डोंगर मुळापासून उलथवतो आणि दडलेले ते उजेडात आणतो. ससाण्याच्या नजरेला न सापडलेली वाट त्याला सापडते. इतके कौतुक केल्यावर कवी विचारतो, पण ज्ञान कोठे सापडेल? डोह म्हणतो, माझ्यात नाही; समुद्र म्हणतो, माझ्यापाशी नाही; ओफीरच्या सोन्यानेही त्याचे मोल होत नाही. अखेरीस उत्तर येते की प्रभूचे भय धरणे हेच ज्ञान आणि दुष्टाईपासून दूर राहणे हीच सुज्ञता होय. आपल्या काळात माणसाने पृथ्वीच्या पोटातच नव्हे तर अणूच्या आणि पेशीच्या पोटातही भुयारे खणली आहेत, आणि हे सामर्थ्य देवाने दिलेल्या सत्तेचाच भाग आहे असे मी मनापासून मानतो. त्या सामर्थ्याने माणसाचे काय करायचे, हे मात्र कोणत्याही भुयाराच्या तळाशी लिहिलेले सापडत नाही. ज्याच्या मनात आपल्या निर्माणकर्त्याचे भय आहे तोच स्वतःला प्रतिरूप म्हणून ओळखतो, आणि प्रतिरूप स्वतःला मूळ समजत नाही.

इस्राएलाचा राजा शलमोन याची गोष्ट या दृष्टीने वाचली तर फार अस्वस्थ करते. त्याने दीर्घायुष्य किंवा धन मागितले नाही, लोकांचा न्याय करता यावा म्हणून विवेक मागितला, आणि त्यानंतर लगेच त्याच्यापुढे आलेला खटला, जिवंत मूल कोणाचे यावरून भांडणाऱ्या दोन वेश्यांचा होता. साक्षीदार कोणी नव्हता, दोघींनाही समाजात पत नव्हती आणि त्यांच्या भांडणाने राज्याचे काही बिघडणार नव्हते. तरी राजा दोघींचे म्हणणे पूर्ण ऐकतो. निकाल देण्याआधी ही असे म्हणते आणि ती तसे म्हणते, असे दोघींचे शब्द तो स्वतः उच्चारून दाखवतो (1 राजे 3:23). ज्यांचे कोणी ऐकून घेतले नसते त्यांचे शब्द राजाच्या तोंडी आले. मुलाचे तलवारीने दोन भाग करा, या त्याच्या हुकुमाच्या प्रसंगाचीच कीर्ती झाली, पण माझ्या मते त्याचे शहाणपण या वचनातही तितकेच आहे.

पुढे हाच राजा सर्व इस्राएलातून 30,000 माणसांची वेठ बसवतो आणि दरमहा 10,000 याप्रमाणे त्यांना पाळीपाळीने लबानोनात लाकडे तोडायला धाडतो (1 राजे 5:13-14). एकेकाचे शब्द ऐकणाऱ्या राजाच्या दरबारी माणसे आता तुकड्यांनी मोजली जाऊ लागली. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याच्या मुलाला, रहबामाला, तुझ्या बापाने आमच्यावरचे जू भारी केले, असे सांगितले, तेव्हा मंदिराच्या वैभवाचा उल्लेखही कोणी केला नाही. शलमोनाची नीतिवचने आणि ज्ञान सर्व राष्ट्रांत गाजत होते. तरीही त्याच्या राज्यात शहाणपण आटत गेले, कारण त्याचे अंतःकरण देवापासून वळले आणि माणसांपासूनही दूर गेले.

बायबलमधील उपदेशक या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेतील राजा आपल्या संपत्तीची यादी सांगताना म्हणतो की, मी दास व दासी विकत घेतल्या. चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी याने या वचनावर उपदेश करताना दासप्रथेवर जो हल्ला चढवला त्याला प्राचीन जगात तोड नाही. त्याचा रोख असा होता: देवाच्या प्रतिरूपासाठी तू किती पैसे मोजलेस? ज्याला देवाने पृथ्वीवर सत्ता दिली त्याची किंमत कोणत्या नाण्यात केलीस, आणि त्याला विकणारा तरी कोण होता? त्या काळी ख्रिस्ती घरांतूनही दास असत आणि अनेक आदरणीय गुरूंनी ती प्रथा जगाची रीत म्हणून चालवून घेतली. ग्रेगरीने प्रतिरूपाची शिकवण केवळ श्रद्धेच्या सूत्रात ठेवली नाही, बाजारात नेली. त्यानंतरही अनेक शतके ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राष्ट्रांनी माणसांचा व्यापार केला, हे दुःख आणि ही लाज आपण लपवता कामा नये.

पवित्र शास्त्रातील प्रतिरूप आणि शहाणपण हे दोन्ही धागे एका व्यक्तीत येऊन मिळतात. ख्रिस्त हा अदृश्य देवाचे प्रतिरूप आहे, असे प्रेषित पौल कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो (1:15), आणि ज्ञान व बुद्धी यांचे सर्व निधी त्याच्यात गुप्त आहेत, असेही त्याच पत्रात लिहितो (2:3). आदामाने देवासारखे होण्यासाठी हात पुढे केला. देवाच्या स्वरूपाचा असलेल्या ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले. करिंथ येथील ज्ञानप्रेमी लोकांना वधस्तंभ मूर्खपणाचा वाटला, पण खरे प्रतिरूप आणि खरे शहाणपण कसे दिसते हे पाहायचे असेल तर दृष्टी तेथेच स्थिर करावी लागते. आपल्यातील प्रतिरूप मलिन झाले आहे, ते आपल्या कष्टाने उजळत नाही; निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे पूर्ण ज्ञान मिळवण्यासाठी नवा मनुष्य नवा होत जातो, असे पौल म्हणतो (3:10), आणि लगेच पुढे लिहितो की तेथे हेल्लेणी (ग्रीक) व यहूदी, बर्बर व स्कुथी, दास व स्वतंत्र असा भेद नाही.

हे पत्र कलस्सै येथे घेऊन जाणाऱ्या तुखिकाबरोबर पौलाने आणखी एक जण पाठवला होता. त्याचे नाव अनेसिम. तो फिलेमोनाचा दास होता आणि धन्यापासून दूर झालेला होता. पत्राच्या शेवटी पौल मंडळीला त्याची ओळख करून देतो ती विश्वासू व प्रिय बंधू आणि तुमच्यापैकीच एक, अशी. म्हणजे दास व स्वतंत्र असा भेद नाही, हे वाक्य तेथे वाचले गेले तेव्हा ज्याच्याबद्दल ते खरे ठरायचे होते तो माणूस नुकताच त्यांच्यात परतला होता. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल त्याला आज्ञा करत नाही, प्रीतीस्तव विनंती करतो: मला जसे स्वीकारले असतेस तसे याला स्वीकार, आणि याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड.