टायर रुंद केले, तरी चाक फिरतच होतं

जालन्याच्या एका मुलाची पोलो जीटी गेल्या आठवड्यात आमच्या संभाजीनगरच्या दुकानात आली. इंजिनचं रीमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवायला संगणकातलं सेटिंग बदलणं, केलेलं. कंपनीचे 185/60 आर15 (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यात, रिमचा व्यास इंचात) काढून 215/60 आर15 घातलेले, रिम मात्र मूळचीच, 6 इंच रुंद. "दादा, एवढे रुंद टायर टाकले तरी दुसऱ्या गिअरला चाकं जाग्यावरच फिरायलेत. नुसती धडधड करायली गाडी," म्हणाला.

त्यातला 'धडधड' हा शब्द मी तेव्हाच धरायला हवा होता. धंदा टायरचा, म्हणून नजर आधी टायरवर गेली.

6 इंच रुंद रिमवर 215 बसतो, पण ते अगदी शेवटचं टोक. टायर फुग्यासारखा फुगतो आणि मधला पट्टाच रस्त्याला लागतो. गेज लावून नक्षीची खोली पाहिली तर मध्ये 5 मिमी आणि कडेला पावणेसात. हवा 40 पीएसआय! पेट्रोलच्या झाकणाच्या आत हवा किती भरायची त्याचा स्टिकर असतो, तो कुणी उघडून वाचत नाही. पुढच्या चाकावर साधारण 350 किलो भार धरला तर 33 पीएसआयला रस्त्याशी टेकणारी जागा अंदाजे 150 चौरस सेंटीमीटर, 40 ला 125 च्या आसपास. ही जागा मुख्यतः भार आणि हवा ठरवतात. रुंदीने तिचा आकार बदलतो, ती आडवी पसरते, पण फार वाढत नाही. पकड खरी वाढते ती रबराच्या जातीने, आणि त्याच्या टायरचं रबर टॅक्सीला घालतात तसं कडक होतं. देणाऱ्याने फक्त रुंदी विकली, याचा मला राग आहे.

शिवाय व्यास. 185/60 चा 603 मिमी, 215/60 चा 639. म्हणजे 6 टक्के मोठा. मीटरपेक्षा गाडी तेवढी जास्त पळते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला घासतो. तिथलं प्लास्टिक चकचकीत झालं होतं.

मग गाडी लिफ्टवर घेतली. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा; त्याच्या मागच्या बुशात, म्हणजे सांध्यातल्या रबरात, पहार घालून दाबलं, तर आर्म बोटभर सरकला. रबर आरपार फाटलेलं. आपल्या काळ्या मातीत रस्ता खचून लाटा उठतात, त्यात हे बुश लवकर जातात. एक्सलरेटर दाबला की चाक पकड घेतं, आर्म सरकतो, टो (चाक सरळ रेषेपेक्षा आत-बाहेर किती वळलंय ते) बिघडतो, पकड सुटते, आर्म परत येतो. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं. तीच ती धडधड.

दोन्ही बाजूचे बुश बदलले, टो जागेवर आणला, हवा स्टिकरप्रमाणे केली. टायर तेच ठेवून चौका घाटाकडे ट्रायल घेतली. धडधड बंद. दुसऱ्या गिअरला चाक जरासं फिरायचं आणि लगेच धरायचं.

घासणं मात्र राहिलंच, म्हणून 215 काढणं भाग होतं. 16 इंच व्यासाची, 7 जे म्हणजे 7 इंच रुंद रिम आणि मऊ रबराचे 205/50 आर16 सुचवले. व्यास 611, मूळच्यापेक्षा फरक 1.4 टक्क्याच्या आसपास. ईटी (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी जागा किती अंतरावर आहे ते माप) तोच ठेवला तर रिमची कड आत आणि बाहेर प्रत्येकी 12.7 मिमी सरकते, त्यामुळे शॉकॉबसरशी आतली जागा मोजूनच बसवली. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा 57.1 मिमी, रिमचं भोक मोठं, म्हणून मध्ये रिंग घातली; नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. सगळ्यात जास्त चुकतं ते बोल्टमध्ये. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोल, बाहेरच्या बहुतेक रिमला शंकूचं लागतं. गोल बूड शंकूत घट्ट वाटतं, पण कडेवरच टेकतं आणि सुटतं. नवे बोल्ट घेतले, टॉर्क पान्याने 120 न्यूटन मीटरला आवळले, 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावलं.

"पुढं दोनच टाकू का?" असंही त्यानं विचारलं. नाही म्हणालो. पुढची पकड वाढवून मागे कमी ठेवली तर ओल्या रस्त्यावर वळणात गाडीचा मागचा भाग सुटतो. चारही बदलले.

आता दुसऱ्या गिअरला कोरड्या रस्त्यावर चाक फिरत नाही. पण जाताना तो म्हणाला, "बुश आधी दिसला असता तर 185 वरच भागलं असतं का?" कदाचित हो, निदान बरंचसं. पण तपासायचं कशावर? ते 185 त्याने पहिल्या दुकानात बदलीत देऊन टाकले होते.