हात वर जातो, पण मागे जात नाही

मधुमेह म्हटला की डोळे, किडनी, पाय यांची भीती सगळेच घालतात. खांद्याबद्दल मला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. पदर मागून पुढे ओढताना उजवा हात अडायला लागला, तेव्हा राजेंद्रनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निदानं भराभर आली: वात, वय, ओट्याशी फार वेळ उभं राहणं. दुखणं रात्री वाढायचं. त्या कुशीवर वळलं की झोप संपली.

हाडांच्या डॉक्टरांनी मला कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगितला. वळला नाही. मग त्यांनी स्वतः धरून वळवून पाहिला, तरीही अडला. नुसता स्नायू फाटला असेल तर सहसा दुसऱ्याने हलवल्यावर हात जातो. इथे सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आक्रसलं होतं, म्हणजे 'फ्रोझन शोल्डर', जखडलेला खांदा. एक्स-रे स्वच्छ आला. तो काढायचा तो संधिवात किंवा दुसरं काही नाही ना, हे बघायला. थायरॉइडची तपासणीही करून घेतली, कारण मधुमेहासारखाच त्याचाही या दुखण्याशी संबंध असतो. चाळिशी ते साठी, त्यातही बायका, हे नेहमीचं गिऱ्हाईक.

आधी दुखतं, मग दुखणं ओसरतं पण हात जखडतो, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. हे ऐकून मी खरंच चिडले. पण हा नकाशा नसता तर मी भलतंच काही करून बसले असते, कारण कुठल्या टप्प्यात काय करायचं यातच सगळी मेख आहे. दुखरा टप्पा चालू असताना जोर लावायचा नाही. तेव्हा फक्त कमरेत वाकून, दुसरा हात टेबलावर टेकवून दुखरा हात लोंबता सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने हलू द्यायचा. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव १९३४ मध्ये ज्या डॉ. कॉडमन यांनी दिलं, त्यांच्याच नावाने हा व्यायाम ओळखला जातो.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. साखर काही दिवस चढेल हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ बघत होते. चढली, आणि उतरली. त्या दिवसांत घरात आलेल्या पोहे-जिलबीतली जिलबी इतरांनी खाल्ली, हे मला अजून खुपतं. रात्रीची झोप मात्र परत आली, आणि झोप आल्यावरच व्यायामाला जीव राहिला.

"एका झटक्यात मोकळा करतो" म्हणणाऱ्या मालिशवाल्या पहलवानाचा नंबर मला तिघींनी दिला. मी गेले नाही. तसं मोकळं करणं डॉक्टरही करतात, पण पूर्ण भूल देऊन, आणि तरीही दंडाचं हाड मोडण्याचा थोडा धोका उरतोच. शिवाय २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांचा अभ्यास छापून आला: भूल देऊन हात सोडवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, यातलं एकही वर्षभरानंतर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं नाही. माझ्या डॉक्टरांनीही आधी फिजिओच सुचवली होती.

फिजिओ मुलगी रोज एकच विचारायची, "आंटी, दर्द दस में कितना?" शेक, भिंतीवर बोटांनी चढणं, दाराला अडकवलेली कप्पी, आणि काठी धरून हात बाहेर ढकलणं. हे शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात गरजेचं. व्यायामाचं दुखणं थोड्या वेळात शमलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर मात्रा कमी. ब्लाउज घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, हेही तिनेच शिकवलं. इतकं साधं, पण रोजचं रडणं थांबलं.

भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काकू, हात वर जातो ना आता?" जातो. देवघरावरच्या फळीवरचा डबा काढते. पण फिजिओ माझा हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो ते वहीत लिहिते, आणि तिथे उजवा अजून डाव्याच्या खालीच आहे. पाठीमागचा टॉवेल डाव्या हाताने वर ओढायचा व्यायाम त्यासाठी चालू आहे. डावीकडेही पुढेमागे हेच होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून कोपर कमरेला लावून दोन्ही हात बाहेर वळवून बघते, महिन्यातून एकदा, साखर तपासायला जाते त्याच दिवशी.