पावसात फुटलेला ग्रुप: एअर रायफलची मृग ते पुष्य नोंद

मृग
रायफल ४.५ मिमीची, स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची. १० मीटरवर पाच पेलेटांचा (शिशाच्या छऱ्यांचा) ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, उन्हाळ्यात ९ मिमीच्या आसपास होता, तो पहिल्या सरींनंतर २० मिमीवर गेला. मोजमाप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. अशा वेळी सगळ्यांचा हात आधी नेम धरायच्या साइटकडे जातो. साइट हलली तर अख्खा ग्रुप सरकतो, फुटत नाही. फुटलेल्या ग्रुपचं कारण दुसरीकडे शोधायचं.

पहिला संशय दस्त्याच्या स्क्रूंवर. खाऱ्या, दमट वाऱ्यात लाकूड फुगतं, उघडीप पडली की आकसतं, आणि स्क्रू सैल होतात. मग भोकं दोन झुबक्यांत पडतात. इथे पुढचे दोन स्क्रू जवळजवळ पाव फेरा ढिले निघाले. बेताने कसले, करकचून आवळले तर लाकडात रुततात. ग्रुप १५.

आर्द्रा
ब्रीचच्या, म्हणजे नळी जिथे मोडते त्या जोडावर टिश्यूची पट्टी ठेवून बार काढला. पट्टी उडाली असती तर सील गळतंय असं समजायचं. हलली नाही, सील ठीक.

पण दर तिसऱ्या-चौथ्या बाराला कडक आवाज आणि किंचित धूर. गंज चढू नये म्हणून पावसाआधी सढळ हाताने ओतलेलं तेल सिलिंडरात उतरलं होतं. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि तेल पेटतं. डिझेल इंजिनात हेच होतं. वेग बाराबाराला बदलतो, पेलेट वर-खाली जातात, पिस्टनचं सील करपतं. तेल बाहेरच्या लोखंडाला, तेही फडक्याने पुसून. हवेच्या भोकात थेंबही नको. नळीतून फेल्टचे कोरडे बोळे ओढले. साफ केलेल्या नळीचे पहिले १०-२० बार भरकटतात, ते मोजले नाहीत.

पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस
खरा चोर पेलेटच्या डब्यात होता. झाकण उघडलं तर तळाशी पांढरी पूड. शिसं काळपट करडं पडलं तर चिंता नाही, तो थर पुढची झीज अडवतो. पांढरी पूड मात्र शिसं खाल्लं जात असल्याची खूण. डबा लाकडी कपाटात, ताडीच्या शिरक्याच्या बरणीशेजारी होता. शिरक्याची आंबट वाफ शिशाला खाते. रंगातला सफेता पूर्वी शिशावर हीच वाफ सोडून करत. लाकडातूनही तशी वाफ थोडी सुटते. या पुडीवर फुंकर मारू नका, विषारी आहे. ओल्या टिश्यूने टिपून टिश्यू पिशवीत बंद केला, हात साबणाने धुतले. पुडीचे पेलेट बाद. धुतले तरी स्कर्टच्या (पेलेटच्या मागच्या पोकळ घेराच्या) कडेला पडलेले खड्डे जात नाहीत.

उरलेले काचेवर तपासले. पेलेटचं डोकं आणि स्कर्ट सारखे जाड नसतात, म्हणून किंचित तिरक्या काचेवर तो सरळ न जाता वळत जातो. चांगले सगळे एकाच वळणाने जातात. ज्याचा स्कर्ट चेपलाय तो मध्येच डुलतो, टकटक करत वाट सोडतो. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटांच्या डब्यातून मग ०.००५ ग्रॅमच्या फरकाने ढिगारे केले. काटा सोनाराचा, तीन दशांश स्थळांचा. पंखा बंद ठेवा. झुळकीनेही शेवटचा आकडा नाचतो.

आता पेलेट रबरी कडेच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. जेल नारिंगी-हिरवं घेतलं. निळ्या-गुलाबी जातीत कोबाल्ट असतो, ते स्वयंपाकघरात तापवायला नको. तांदळाची पुरचुंडी आषाढात बिनकामाची, तांदूळच ओल धरून बसलेला असतो.

पीसीपीवाल्यांसाठी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) एवढंच: या दिवसांत हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणी आत जातं आणि सिलिंडर आतून गंजतो. पंपाला ड्रायर लावा, किंवा मालवण-तारकर्लीकडे डायव्हिंगवाल्यांची ओळख असेल तर त्यांच्या टाकीतली फिल्टर केलेली कोरडी हवा घ्या. टाकी साधारण २०० बार (हे दाबाचं एकक) दाबाची असते, तेव्हा आपल्या रायफलचा कमाल दाब आधी वाचा. ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होतो.

पुष्य
ग्रुप ८ मिमी, सलग चार कागदांवर. पण मध्य ३ मिमी डावीकडे, स्क्रू कसल्यावर नळीची बैठक बदलली असणार. आता साइटची पाळी.