बाण हलवू नये

परवा दुपारी एका स्लाइडवरचा बाण काही केल्या माझ्या हाती लागेना. दिसत होता समोर, चांगला जाड निळा बाण, पण त्यावर क्लिक केलं की भलताच कुठलातरी चौकोन सिलेक्ट व्हायचा आणि तो बाजूला ओढला की त्याच्या खाली अजून एक. चौकोन तरी कसले, पूर्ण पारदर्शक, ना रेघ ना आत एक अक्षर, नुसते आपले पसरलेले. मी बाणाच्या टोकावर क्लिक करून बघितलं, शेपटीवर करून बघितलं, मग जरा लांबून, जणू माझं लक्षच नाहीये असं दाखवून एकदम झडप घालून बघितलं. बाजूच्या टेबलावरच्या मुलाने माझा माऊस आपटल्याचा आवाज ऐकला असणार. उठलासुद्धा नाही तो, खुर्चीतूनच म्हणाला, "ताई, ऑल्ट एफ टेन दाबा ना."

दाबलं. उजवीकडे एक पट्टी उघडली आणि तिच्यात त्या स्लाइडवरची झाडून सगळी मंडळी एकाखाली एक. जे सगळ्यात पुढे ते यादीत वर, जे मागे दडलंय ते खाली, आणि प्रत्येकाशेजारी एक डोळा. डोळ्यावर क्लिक केलं की ती वस्तू गुप्त, परत केलं की हजर. सिलेक्शन पेन म्हणतात म्हणे याला. मी अठरा वर्षं पॉवरपॉइंट वापरतेय, बायोडेटात त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'ॲडव्हान्स्ड' असं लिहिलंय, आणि ही पट्टी मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

यादीत सगळी नावं मशीनने दिलेली असतात तशीच. रेक्टँगल ३७, टेक्स्टबॉक्स १२, पिक्चर ८. आणि मधेच एका ओळीत स्वच्छ मराठीत लिहिलेलं, 'बाण – हलवू नये'.

हसू आलं आणि जरा दचकायलाही झालं, कारण मी तोच हलवायला निघाले होते. असो, बाणाकडे नंतर येते.

त्या दुपारी काम तसंही बोंबललं होतं, म्हणून त्या मुलाला म्हटलं, अजून काय काय येतं तुला ते दाखव. त्याने आधी बघून घेतलं की मला काय काय येत नाही, आणि ती यादी फार लांब निघाली. मी खालची तारीख आणि लोगो प्रत्येक स्लाइडवर हाताने पेस्ट करते हे कळल्यावर तो क्षणभर गप्पच बसला. डॉक्टर रिपोर्ट बघताना बसतात ना, तसा. स्लाइड मास्टर नावाचा प्रकार असतो हे मला माहीत होतं, नाही असं नाही, एकदा चुकून त्यात शिरलेही होते, पण तिथे सगळीकडे 'टायटल लिहा', 'टायटल लिहा' असं रिकामं रिकामं दिसलं आणि दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटून मी बाहेर पडले. मास्टरमधे एकदा बदललं की त्याच्यावर बेतलेल्या सगळ्या स्लाइडांवर आपोआप बदलतं. चौसष्ट स्लाइडांवर चौसष्ट वेळा लोगो चिकटवलाय मी, आणि तो प्रत्येक ठिकाणी एक केसभर इकडे नाहीतर तिकडे, म्हणजे पटापट पुढे गेलं की लोगो चक्क थरथरायचा. लोक विषयाकडे बघायचे की नाही कुणास ठाऊक, मला मात्र ती थरथर सोडून काही दिसायचं नाही.

हा माझा जुना रोग आहे. दोन डबे एका रेघेत नसले की मला पुढचं ऐकूच येत नाही. समोरचा माणूस कंपनी बुडाल्याची बातमी देत असला तरी माझं आपलं चालू, तिसरा डबा जरा खाली आहे. अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट ही दोन बटणं ज्याने बनवली त्याला हाच रोग असणार याबद्दल मला शंका नाही. त्या मुलाने कंट्रोल डीची एक गंमत दाखवली. एका डब्याची कंट्रोल डीने कॉपी काढायची, ती हवी तितकी सरकवायची, आणि मग नुसतं कंट्रोल डी, कंट्रोल डी करत राहायचं, पुढचा प्रत्येक डबा तेवढ्याच अंतरावर आपला आपण जाऊन उभा राहतो, शाळेच्या प्रार्थनेला मुलं हात पुढे करून अंतर घेतात तसा. मी काही कारण नसताना स्लाइडभर डबे उभे केले. फार शांत वाटलं.

तसा ॲनिमेशनचा ताप सगळ्यांना येऊन गेलाय. एकेक अक्षर टाइपरायटरचा आवाज करत येणार, हेडिंग गिरक्या घेत येणार, स्लाइड बुद्धिबळाच्या पटासारखी तुटून जाणार आणि शेवटच्या 'धन्यवाद'वर टाळ्यांचा आवाज. त्या टाळ्या सोडून बाकी कुणीच टाळ्या वाजवायचं नाही. ज्यांना निवडता यायचं नाही ते 'रँडम' लावायचे, म्हणजे पुढे काय होईल ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नाही. ताप उतरला की माणूस एकदम विरक्त होतो आणि पांढऱ्यावर काळं सोडून काही करत नाही, मी गेली बरीच वर्षं तशी होते. गंमत म्हणजे हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा तसंच होतं. १९८७ साली रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन वगैरे मंडळींनी फोरथॉट नावाच्या कंपनीत ते काढलं, फक्त मॅकिंटॉशसाठी आणि तेही काळंपांढरं, कारण त्यावरून पारदर्शक कागद छापून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचे एवढीच कल्पना. नावही आधी प्रेझेंटर ठरलं होतं, ते दुसऱ्या कुणाचं तरी निघालं म्हणून बदललं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती अख्खी कंपनीच घेऊन टाकली. म्हणजे मूळ वस्तू स्थिर, कागदासारखी. हलणंबिलणं सगळं नंतरचं.

तर त्या मुलाने शेवटी मॉर्फ दाखवलं. एका स्लाइडची कॉपी काढायची, कॉपीतला गोल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा, मोठा करायचा, रंग बदलायचा, आणि त्या दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ ट्रान्झिशन लावायचं. बस. चालवलं की गोल इथून तिथे वाढत, रंग पालटत सरकत जातो. मधलं सगळं मशीन भरतं. आणि गोलाचा चौकोन करायचा असेल तर? तर दोघांना त्याच सिलेक्शन पेनमधे जाऊन एकच नाव द्यायचं, नावाच्या आधी दोन उद्गारचिन्हं टाकायची, की मशीन मानतं हे दोघे एकच. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती तीनदा करून बघितली. नाव सारखं दिलं, जरा जोर देऊन हाक मारली, की गोल मुकाट्याने चौकोन होतो.

मधलं मशीन भरतं म्हटल्यावर मला माझी वही आठवली. सहावीत असताना शंभर पानी रफ वहीच्या उजव्या कोपऱ्यात मी एक काडीचा माणूस काढला होता, प्रत्येक पानावर जरासा पुढे, की पानं अंगठ्याखालून फर्रकन सोडली की तो पळायचा. तुम्हीही काढला असणार, न काढलेला माणूस मला अजून भेटला नाही. माझा माणूस पळत यायचा, थांबायचा, आणि मग एका खड्ड्यावरून उडी मारायचा. पळण्यात मी फार पानं घालवली. हाताची प्रत्येक हालचाल, गुडघा किती वाकला, मागचं पाऊल उचललं का, सगळं मधलं मधलं काढत बसले, इतिहासाच्या तासाला, भूमितीच्या तासाला, एकदा तर बाई बाकाशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही एकदा पानं सोडून बघितली, मग वही मिटून काही न बोलता पुढे गेल्या. आणि उडी मारली, माणूस खड्ड्याच्या बरोब्बर मधे आला, आणि वही संपली. पुठ्ठ्यावर पेन उमटेना. तो अजून हवेतच आहे.

मॉर्फने त्याला एका सेकंदात पलीकडे नेता येईल. दोन स्लाइड, एक अलीकडे, एक पलीकडे. करून बघायचं मनात आलं आणि मग केलं नाही, का ते मला सांगता येणार नाही.

हां, बाण. ती फाइल मूळची माझी नव्हेच. आमच्याकडे एक काका होते, सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं, त्यांनी ती पहिल्यांदा केली आणि मग दरवर्षी कुणी ना कुणी तिची कॉपी काढून आकडे बदलत आलंय. फायनल, फायनल २, नवीन फायनल, असं करत ती माझ्याकडे आली. कॉपी काढली तरी आत दिलेली नावं तशीच राहतात. काका रिटायर झाले आणि त्यानंतर दोनेक वर्षांत गेलेच. आम्ही सगळे त्यांना हसायचो, एका बोटाने टाइप करतात म्हणून, प्रत्येक शब्दानंतर मान वर करून स्क्रीनकडे बघतात म्हणून. आणि ही पट्टी त्यांना माहीत होती. मी एकेक स्लाइड उघडून ऑल्ट एफ१० करत गेले. 'डावीकडचा डबा'. 'आकडा, जूनमधे बदलणे'. 'हे कशाला आहे विसरलो'. एका स्लाइडवर डोळा मिटलेली एक ओळ, नाव 'साहेबांना नको', उघडून बघितलं तर एक साधा प्रामाणिक आलेख, खाली खाली जाणारा.

आणि शेवटून दुसऱ्या स्लाइडवर, 'ग्रुप फोटो – मी कापलेला'.

तो फोटो मी वर्षानुवर्षं बघतेय. सात माणसं. क्रॉपचं बटण दाबलं, तर कडेला काळपट सावलीत कापलेला भाग दिसायला लागला, आणि तिथे आठवे काका, खिशाला पेन, पोट आत ओढून उभे. क्रॉप केलेलं जात नाही कुठे, फाइलमधेच असतं, नुसतं दाखवत नाहीत.

संध्याकाळी फाइल मेलने पाठवायची होती, ती जाईना, फार जड. तो मुलगा म्हणाला, "ताई, फोटो कॉम्प्रेस करा, निम्मी होईल." उघडलं. तिथे एक टिक आधीच केलेली असते, फोटोंचे कापलेले भाग काढून टाका अशी. मी ती टिक काढली आणि बाकीचं होऊ दिलं. फाइल थोडी हलकी झाली, पण पुरेशी नाहीच, मेल परत आला. मग लिंक पाठवून दिली.

बाणही तिथेच आहे. आकडे मी त्याच्या बाजूने बसवले, जरा दाटी झालीये आणि तिसरा डबा किंचित खाली आहे, पण राहू दे.