कांद्यातलं क्वेर्सेटिन मोजताना

एमएस्सीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गात हळद, डाळिंब आणि शेवगा यांच्यावर उड्या पडल्या. आमच्या मॅडमनी मला कांदा दिला. घर निफाड तालुक्यात, म्हणजे नमुन्यांची ददात नाही, एवढा सरळ हिशोब. कांदा दिसायला साधा, पण त्याच्यामागचं वाचन दांडगं निघालं. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या वयस्क पुरुषांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत तयार होणारे एका गटाचे घटक) जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, आणि ही फ्लेव्होनॉइडं येत होती मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंदातून. कांद्यातल्या या गटाचा म्होरक्या म्हणजे क्वेर्सेटिन.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, मी मोठ्या उत्साहाने 'आरोग्यवर्धक घटकांचा अभ्यास' असं शीर्षक टाकलं होतं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "यात आरोग्य कुठे मोजणार आहेस तू?" माणसांवर किंवा उंदरांवर काहीच नव्हतं. शीर्षक 'रब्बी कांद्याच्या वाणांतील फ्लेव्होनॉइडचे प्रमाण' असं झालं. तेव्हा शीर्षक फिकं वाटलं, पण पुढचं सगळं काम त्यानेच सरळ ठेवलं.

वाण घेतले एन-2-4-1, भीमा किरण, भीमा शक्ती आणि पांढरा भीमा श्वेता. सगळे रब्बीत येणारे, म्हणजे एकाच शेतात, एकाच वेळी लावता येतात. खरिपाचा गडद लाल बसवंत 780 मोह पाडत होता, पण एक कांदा पावसाळ्यातला आणि दुसरा उन्हाळी, मग फरक वाणाचा की हवामानाचा हे कोण सांगणार? प्लॉट आरबीडीत, म्हणजे प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून वाणांची जागा ठरवायच्या रचनेत, टाकले, माना पडल्यावर काढणी केली, पातीसकट शेतात सुकवले. हे सुकवणं सगळ्या प्लॉटना सारखंच मिळायला हवं, कारण काढणीनंतर उन्हाउजेडात पडलेल्या कांद्यात फ्लेव्होनॉइड बदलतं.

प्रयोगशाळेत आल्यावर पहिला प्रश्न मशीनचा नसतो, सुरीचा असतो. कांद्यात क्वेर्सेटिन सगळीकडे सारखं नसतं. सुक्या टरफलात भरपूर, त्याच्या आतल्या पहिल्या मांसल थरात चांगलं, आणि गाभ्याकडे जावं तसं उतरत जातं. सोलताना एखादा थर जास्त गेला की आकडा पडतो. आडव्या चकत्या घेतल्या तर कुठल्या थराचा किती वाटा आला याचा पत्ता लागत नाही. म्हणून टोकापासून मुळापर्यंत उभ्या फाका करायच्या, प्रत्येक कांद्याची एक फाक घ्यायची, म्हणजे सगळे थर आपापल्या प्रमाणात येतात. टरफल काढलं, पहिला मांसल थर ठेवला आणि हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर लिहून चिकटवला. दुसऱ्यांचे पेपर वाचताना मी आता आधी तेच शोधते, त्यांनी सोललं कसं.

फाका द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून लायोफिलायझरला, म्हणजे गोठलेल्या अवस्थेतच सुकवणाऱ्या यंत्राला, लावल्या. कांद्यात पाणीच नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे सुक्या वजनावर आकडा सांगितला की तो ओल्या कांद्याच्या आठ-दहा पट दिसतो. जाहिरातीत कुठला आकडा छापला जातो हे सांगायला नको. मी प्रबंधात दोन्ही दिले.

मग एकूण फिनॉल (फ्लेव्होनॉइड ज्यात येतात तो मोठा गट) मोजणारी फॉलिनची टेस्ट. अर्क, फॉलिन-सियोकाल्टो रिएजंट, सोडियम कार्बोनेट, थोडं थांबा, निळा रंग येतो, तो 765 नॅनोमीटरवर वाचायचा. स्वस्त, सोपी, आणि म्हणूनच धोक्याची. हा निळा रंग फक्त फिनॉलचा नसतो, क जीवनसत्त्व आणि साखरही त्यात आपला हात घालतात, आणि कांदा तर गोड. अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी डीपीपीएच टेस्ट अजून देखणी. क्युव्हेटमधलं गर्द जांभळं द्रावण अर्क पडला की हळूहळू पिवळं होतं, बघणाऱ्याला वाटतं शरीरातही असंच काहीतरी होत असणार. तिथेच घोळ आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा, ओरॅक आकड्यांचा तक्ता 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून घेतला, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि कंपन्या मात्र ते आकडे मिरवत होत्या. मी दोन्ही टेस्ट केल्या, कारण परीक्षक विचारतातच, पण निष्कर्ष त्यांच्यावर उभे केले नाहीत.

खरं काम एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातले घटक एका बारीक नळीतून, कॉलममधून, वेगवेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर. आमच्या विभागात मशीन नव्हतं, दुसऱ्या संस्थेत वेळ मागून जावं लागे. तिथले ऑपरेटर काका कडक. गाळलेला नसेल तर नमुना हातात घेत नसत. "कॉलम चोक झाला तर तुझी स्कॉलरशिप पुरायची नाही, बेटा." बरोबरच होतं त्यांचं. प्रत्येक अर्क सिरिंज फिल्टरमधून काढायचा, मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, गाळून त्यातली हवा काढायची, आलेखाची बेसलाइन सरळ होईपर्यंत शांत बसायचं.

लाल कांद्याचा अर्क सोडला की 360 नॅनोमीटरवर आलेखात दोन मोठे पीक, म्हणजे उंच सुळके, उभे राहत. पहिला क्वेर्सेटिनला साखरेचे दोन रेणू चिकटलेल्या रूपाचा, कारण तो पाण्याकडे जास्त ओढला जातो आणि कॉलममध्ये कमी रेंगाळतो. दुसरा एकाच साखरेचा. कांद्यातलं बहुतेक सगळं क्वेर्सेटिन या दोन रूपांतच बसलेलं असतं. तोच अर्क हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून पुन्हा सोडला की दोन्ही पीक गायब, आणि बऱ्याच उशिरा तिसराच एक उंच पीक, साखर गळून पडलेलं निव्वळ क्वेर्सेटिन. आधीच्या दोघांची बेरीज आणि हा तिसरा एकमेकांशी जुळले की आपल्या पद्धतीवर विश्वास बसतो. ते जुळले त्या संध्याकाळी काकांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. भीमा श्वेताची रेघ मात्र जवळजवळ सपाट. पांढऱ्या कांद्यात हा घटक नावालाच असतो हे वाचलेलं होतं, तरी तीच रेघ तिन्ही रिप्लिकेशनमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या तिन्ही पुनरावृत्तींत, बघताना मजा वाटली.

लाल वाणांमधला फरक छोटा निघाला, सीडी, म्हणजे फरक खरा धरायची सांख्यिकी मर्यादा, जेमतेम पार करणारा. शिवाय कांद्याचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, क्वेर्सेटिनचा नव्हे. म्हणून जितका लाल तितका गुणकारी हा बाजारातला समज या घटकापुरता तरी धरता येत नाही. पिवळ्या कांद्यातही तो भरपूर असतो.

चिकटलेली साखर ही क्षुल्लक बाब नाही. 1995 मध्ये डच संशोधकांनी मोठं आतडं काढलेल्या स्वयंसेवकांना तळलेला कांदा दिला आणि किती क्वेर्सेटिन शोषलं गेलं ते मोजलं. कांद्यातलं साखरेसह असलेलं रूप 52 टक्के शोषलं गेलं, निव्वळ क्वेर्सेटिन 24 टक्के, रुटिन, म्हणजे क्वेर्सेटिनचंच वेगळी साखर चिकटलेलं रूप, 17 टक्के. म्हणजे भांड्यातला एकूण आकडा सारखा असला तरी रूप कोणतं यावर पोटातलं गणित बदलतं. सप्लिमेंटच्या डबीवर निव्वळ क्वेर्सेटिनचे मिलिग्रॅम वाचताना मला हा प्रयोग आठवतो.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी हसत विचारलं, मग रोज किती कांदा खायचा? मी सांगितलं की माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, माझ्याकडे किलोमागे किती मिलिग्रॅम एवढंच आहे. झुटफेनचा अभ्यासही निरीक्षणाचा होता, कांदा-चहा घेणाऱ्यांच्या इतर सवयी त्यात मिसळलेल्या असणारच. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

घरी मामांचा प्रश्न जास्त अवघड होता. "अगं, तुझ्या या क्वेरसिटीनला लासलगावला दोन रुपये जास्त मिळतील का?"

"नाही मामा. तिथे तुमचा आकार, रंग आणि सुकवणच बघणार."

"मग सरकारने बघायला नको?"

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मधल्या काळात कांदा पावडर विकणाऱ्या एकाने माझा अहवाल मागितला होता, पाकिटावर 'हृदयरोग टाळते' छापायला. अन्नपदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा करायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम मनाई करतात, हे मी त्याला लिहून कळवलं. त्यावर त्याने उत्तर पाठवलं नाही.

हा विषय घेणाऱ्यांनी सिनॉप्सिस लिहिण्याआधी एचपीएलसीच्या वेळेचं पक्कं करून घ्या. ग्लुकोसाइडची, म्हणजे साखर चिकटलेल्या रूपांची, तुलनेसाठी लागणारी शुद्ध स्टँडर्ड महाग असतात आणि मागवल्यावर यायला वेळ लावतात, तेव्हा ऑर्डर लागवडीच्या वेळीच द्या, काढणीनंतर नको.