नाट्यगृहाने तलावाकडे पाठ का करायची?

तलावाकाठच्या सांस्कृतिक केंद्राचा नकाशा टेबलावर पसरला की एक प्रश्न हमखास येतो: "एवढा सुंदर काठ मिळालाय, मग नाट्यगृह मागे रस्त्याकडे का ढकललंत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अख्ख्या इमारतीत खिडकी नकोच अशी हीच एक मोठी खोली. ८०० माणसं दारं लावून अंधारात बसणार. त्यांना पाणी दिसलं तर ते मध्यंतरातल्या १५ मिनिटांत. मग काठाची जागा मध्यंतराला द्यावी: पडवी, जिना, चहाचा कट्टा.

शिवाय रंगमंचावर मनोरा असतो. पडदे आणि देखावे वर खेचून पूर्ण नजरेआड करायचे तर दर्शनी चौकटीच्या, म्हणजे ज्या चौकटीतून प्रेक्षकांना रंगमंच दिसतो तिच्या, साधारण अडीचपट उंची लागते. चौकट ८ मीटर, तर मनोरा २० मीटर. हा बिनखिडक्यांचा ठोकळा पाण्यालगत उभा केला की मागच्या वस्तीचा तलाव गेलाच. नेपथ्याचे ट्रकही रस्त्यानेच येणार. ट्रकचा हौदा जमिनीपासून १ ते १.२ मीटरवर असतो. माल उतरवायचा धक्का आणि रंगमंच त्याच पातळीत धरला की सामान सरळ आत ढकलता येतं.

पण खरं कारण जमिनीखाली आहे. रंगमंचाखालचं तळघर आणि वादकांचा खड्डा मिळून अडीच-तीन मीटर खोल जावं लागतं. काठाजवळ जमिनीतलं पाणी जवळजवळ तलावाच्याच पातळीला असतं. त्या पातळीखाली ३ मीटर गेलात की तळाच्या दर चौरस मीटरवर पाणी ३ टनांनी वर ढकलतं. काँक्रीट घनमीटरला अडीच टन, म्हणजे नुसती बरोबरी साधायला १.२ मीटर जाडीचा तळ हवा. पूर्ण इमारत वर उभी राहिली की वजन पुरतं. घात होतो तो मधल्या काळात. तळघर ओतून झालेलं, वरचे मजले अजून नाहीत, आणि डिझेल वाचवायला कुणीतरी जमिनीतलं पाणी उपसणारे पंप बंद करतं. रिकामं तळघर होडीसारखं उचललं जातं. खाली गाळ सरकतो, त्यामुळे ते पुन्हा जागेवर नीट बसत नाही. म्हणून किती मजले चढेपर्यंत उपसा चालू ठेवायचा हे नकाशावरच लिहून घ्यावं, तळाला दाब सोडणारी भोकं ठेवावीत आणि ती वजन पुरेसं झाल्यावरच बुजवावीत. पंप बंदच पडले तर तळघर वजनाने खाली राहावं म्हणून त्यात आपणच पाणी सोडावं; नंतर चिखल काढणं परवडतं.

यापेक्षा स्वस्त उपाय उताराचा. रस्ता बहुधा काठापेक्षा उंच असतो. नाट्यगृह तिकडे सरकवलं की खड्ड्याचा तळ पाण्याच्या वर राहू शकतो. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात (१९८२) वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी उताराचाच फायदा घेतला: वरून आत शिरायचं आणि गच्च्या-चौकांतून मोठ्या तलावाच्या दिशेने उतरत जायचं.

खालची जमीन तपासायचे बोअर मात्र काठाकडे आणि रस्त्याकडे अशा दोन्ही टोकांना घ्या. शहरातला काठ पुष्कळदा भरावाचा असतो. अर्धी इमारत खडकावर आणि अर्धी भरावावर टेकली की तडा नेमका सांध्यावर जातो.

सांडपाण्याचं कुणी विचारत नाही, तरी सांगतो. काठ म्हणजे परिसरातली सर्वांत खोलगट जागा, आणि मैलावाहिनी वर रस्त्यात. म्हणजे सांडपाणी टाकीत साठवून पंपाने वर चढवायचं. ८०० पैकी निम्मे प्रेक्षक मध्यंतरात उठले, माणशी ८ लिटर धरलं, तर १५ मिनिटांत ३,२०० लिटर. टाकीचं माप त्या पंधरा मिनिटांवर ठरवायचं, दिवसाच्या सरासरीवर नाही. स्वच्छतागृहं रस्त्याच्या बाजूला वर ठेवली तर पंपच लागत नाही. ठेवता आली नाहीत तर दोन पंप, एक चालू आणि एक राखीव, दोन्ही जनरेटरवर. "अडीनडीला" म्हणून तलावात सोडलेला पाइप नकाशावर दिसला तर तिथल्या तिथे खोडा.

तलावाकडे काचेची भिंत हवी, हा हट्टही असतोच. पाणी पश्चिमेला असेल तर सांभाळून. डोक्यावरच्या उन्हापैकी शांत पाणी जेमतेम २ टक्के परतवतं. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला की सुमारे एक तृतीयांश. ते ऊन खालून येतं, म्हणून छज्जा कितीही लांब काढलात तरी उपयोग नाही. खोल पडवी आणि उभ्या पट्ट्या लावा. अमेरिकेत मिलवॉकीच्या तळ्याकाठच्या कलासंग्रहालयाला (२००१) वास्तुविशारद कलात्रावा यांनी उन्हासाठी उघडमीट करणारे पंख दिले. वारा ताशी ३७ किलोमीटरच्या वर तीन सेकंद टिकला तरी ते मिटवावे लागतात. हलणारा भाग आला की देखभालीचा माणूस कायमचा आला.

खुला रंगमंच मात्र खुशाल काठावर न्या, पाण्याकडे पाठ करून. फक्त प्रेक्षकांचं तोंड पश्चिमेला होत असेल तर सूर्य मावळल्यावरच कार्यक्रम ठेवा. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज पुन्हा खाली वळतो आणि पलीकडच्या काठावर जवळून आल्यासारखा ऐकू येतो. दोन अजस्र स्पीकरांऐवजी लहान लहान, आसनांमध्ये विखुरलेले आणि खाली झुकवलेले लावा. दिवे पिवळसर आणि खाली तोंड केलेले हवेत. पांढऱ्या झोतावर तलावातली चिलटं ढगाने येतात, आणि गायकाने आ केला की पहिलं चिलट आत.