एकोणीस वेळा 1

111111 मूळ संख्या आहे का, असं नववीत विचारलं की मुलं अंकांची बेरीज करतात, 3 ने भाग जातो म्हणतात आणि मोकळी होतात. त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि दर दोन अंकांनंतर खडूने रेघ मारली. "सर, 11 गुणिले 10101. तीन-तीनचे तुकडे केले तर 111 गुणिले 1001. किती वेळा 1 लिहिलाय ती संख्या फुटली, की ही पण फुटणार."

हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं. आमच्या नाशिकरोडच्या शाळेपासून जवळच, देवळालीत, द. रा. कापरेकर 1930 ते 1962 शाळामास्तर होते. त्यांनी अशाच संख्यांचे वर्ग (111 चा 12321) मांडून त्यांना एका रेल्वे स्टेशनवरून 'डेम्लो' नाव दिलं. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांची आठवण निघते ती फक्त 22 डिसेंबरच्या, गणित दिनाच्या भाषणापुरती. एरवी प्रश्न एकच, पोर्शन किती झाला?

"मग सात वेळा 1 फुटणार नाही, 7 मूळ आहे," ती म्हणाली. तपासून बघ म्हटलं. इथे भाग जाणारी मूळ संख्या 7 ने भागल्यावर बाकी 1 च ठेवते, एवढंच सांगितलं. त्यामुळे बरेच भागाकार वाचतात. 29, 43, 71, 113, 127, 197, 211 ने भाग गेला नाही. आठवी 239, बाकी शून्य! 1111111 = 239 × 4649.

"म्हणजे 11 सोडून एकही मूळ नाही?"

आहे. थेट एकोणीस वेळा 1: 1111111111111111111. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली संख्यानामं परार्धाशी, म्हणजे अठरा अंकांशी थांबतात. ही अकरा परार्धांच्याही वर जाते.

"सात फुटतात, एकोणीस का नाही?"

याचा नियम कुणालाच माहीत नाही, असं मी सांगितलं. पुढे 23 वेळा 1, मग एकदम 317 वेळा, मग 1031 वेळा. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हेही सिद्ध झालेलं नाही. त्यावर वर्गात जो गलका झाला, तो प्रमेय पाठ करून घेताना कधी होत नाही. गणितातलं सगळं शोधून संपलंय, अशी मुलांची समजूत आपणच करून देतो.

माझ्या डोक्यात मात्र अजून ती 'बाकी 1' घोळते आहे. ती ज्यातून निघते ते फर्माचं छोटं प्रमेय नववीत आणता येत नाही, आणि तिला नुसता नियम हातात देणं मला पटत नाही. पाच वेळा 1 घेतला तर 11111 = 41 × 271. 41 घ्यायचा, 1 पासून दहापट करत 41 ने भागून बाकी लिहायची: 1, 10, 18, 16, 37, परत 1. मग 2 पासून: 2, 20, 36, 32, 33, परत 2. पाच-पाचची अशी आठ वर्तुळं होतात आणि 1 ते 40 मधली प्रत्येक संख्या एकदाच येते. म्हणून 40 ला 5 ने भाग जातो, म्हणजेच 41 ला 5 ने भागल्यावर बाकी 1. हे फळ्यावर मावतं. 239 ची सात-सातची चौतीस वर्तुळं तिची ती काढेल.